बॉस नसलेलं ऑफिस

जिनिव्हाच्या कॉर्नाव्हँ स्टेशनबाहेर १८ नंबरची ट्राम पकडायची आणि शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहायचं. स्टॉपचं नावच सर्न. रस्त्याच्या एका बाजूला भलामोठा लाकडी घुमट, दुसऱ्या बाजूला एखाद्या जुन्या एमआयडीसीत सहज खपून जातील अशा इमारती. जगातली सगळ्यात मोठी भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून काहीतरी चकचकीत बघायला आलेल्यांचा इथे जरा विरसच होतो. पण इथली खरी गंमत इमारतींत नाही, माणसांत आहे.

महायुद्ध संपून नऊच वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे १९५४ मध्ये युरोपातल्या १२ देशांनी मिळून हे दुकान मांडलं. कालपर्यंत एकमेकांच्या जिवावर उठलेले फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी त्यात होते. भारत २०१७ पासून सहयोगी सदस्य आहे. आणि सीएमएस नावाच्या प्रयोगात तर भारत आणि पाकिस्तान दोघंही आहेत. त्या अवाढव्य यंत्राचा एक भाग मुंबईच्या टीआयएफआरमधल्या मंडळींच्या हातचा, तर त्याखालचे भक्कम पाय पाकिस्तानातून आलेले!

आता दिवसभर वेगवेगळ्या टाइम झोनमधल्या टीमशी डोकं लावणाऱ्या तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट. अॅटलास आणि सीएमएस या इथल्या दोन मोठ्या प्रयोगांत हजारो शास्त्रज्ञ काम करतात, पण त्यातले बहुतेक सर्नचे नोकरच नाहीत. त्यांचा पगार आपापल्या देशातल्या विद्यापीठातून येतो. म्हणजे प्रयोगाच्या प्रमुखाच्या हातात ना इन्क्रिमेंट, ना अप्रेझल, ना पिंक स्लिप. त्याचं डेझिग्नेशनसुद्धा डायरेक्टर वगैरे नाही, नुसतं ‘प्रवक्ता’. सहभागी संस्था मतदान करून त्याला दोन वर्षांसाठी निवडून देतात. एखाद्या देशाचा ग्रुप ऐकत नसेल तर काय करायचं? पटवायचं. नाही पटलं तर पुन्हा पटवायचं. त्यामुळे इथे मीटिंगांचं अमाप पीक येतं आणि अर्धं कामकाज कॉफीवर चालतं. ४० नंबरच्या इमारतीत अॅटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांची ऑफिसं आहेत आणि कॉफीबार एकच!

या पद्धतीत वेळ प्रचंड जातो, हे उघड आहे. पण निकाल बघा. ४ जुलै २०१२ ला हिग्ज बोसॉनची घोषणा झाली, तेव्हा अॅटलासच्या प्रवक्त्या होत्या फाबिओला जानोत्ती. त्यांच्या स्लाइड्स चक्क कॉमिक सान्समध्ये होत्या. (आपल्याकडे कंपनीचं टेम्प्लेट तोंडावर मारलं असतं!) मे २०१५ मध्ये दोन्ही प्रयोगांनी मिळून हिग्जच्या वस्तुमानावर शोधनिबंध काढला, त्याचे लेखक ५१५४. एकूण ३३ पानांपैकी २४ पानं नुसती नावं आणि संस्था. क्रम आडनावाच्या अक्षरांनुसार, म्हणजे ‘क्रेडिट कुणाचं’ हे भांडणच नको.

पण याच नावांच्या यादीवर सगळं अडलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. युक्रेन सर्नचा सहयोगी सदस्य, तर रशियन शास्त्रज्ञ कित्येक वर्षांचे सहकारी. सीएमएसच्या यंत्रातलं पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांची आवरणं वितळवून मिळवलेलं होतं, इतकी ती जवळीक. आता काही जण म्हणाले, रशियन संस्थेच्या शेजारी आमचं नाव नको. दुसरे म्हणाले, ज्याने दहा वर्षं राबून यंत्र उभं केलं, त्याचं नाव त्याच्या सरकारमुळे का खोडायचं? दोघांचंही चूक नव्हतं आणि ‘मी सांगतो म्हणून’ असं म्हणणारा वर कुणी नव्हता. मग जवळपास वर्षभर शोधनिबंध तयार होत राहिले, पण लेखकांच्या यादीशिवाय. प्रयोगाच्या नुसत्या नावावर ते इंटरनेटवर पडून होते.

२०२३ च्या सुरुवातीला तोडगा निघाला. माणसाचं नाव ठेवायचं, संस्थेचं आणि देशाचं गाळायचं. त्या जागी लिहायचं, ‘सर्नशी सहकार्य करार असलेल्या संस्थेशी संलग्न’. सरकारी कारकुनाला शोभेल असं हे वाक्य कुणालाच आवडलं नसणार. पण एखाद्या कडक बॉसने एका मेलमध्ये निकाल लावला असता, तर यादीतली बरीच माणसं कायमची उठून गेली असती असं मला वाटतं. पुढे ३० नोव्हेंबर २०२४ ला रशियाबरोबरचा करारच संपला. तो निर्णय मात्र सदस्य देशांच्या कौन्सिलचा होता.

जायचं असेल तर सोमवार टाळा. ‘सायन्स गेटवे’ हे २०२३ मध्ये उघडलेलं केंद्र त्या दिवशी बंद असतं, एरवी प्रवेश फुकट. आतल्या आवारात ३९ आणि ४० नंबरच्या इमारतींच्या मध्ये नटराजाची दोन मीटर उंच मूर्ती आहे. २००४ मध्ये भारत सरकारने दिलेली. गाइडेड टूरवाल्यांना तिच्याबद्दल विचारून बघा.