रस्त्याची बदली

सरकारी नोकराची बदली झाली म्हणजे त्याने जुन्या जागेचा चार्ज द्यावयाचा आणि नव्या जागेचा घ्यावयाचा, असा नियम आहे. मधल्या दिवसांत त्याच्या टेबलावरचे कागद कोणाचे, याचे उत्तर मात्र अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत आम्हांस मिळाले नाही. रस्त्यांचीही बदली होते, हे आम्हांला इंदुरास आल्यावर कळले.

मुंबईहून नाशिक, धुळे, सेंधवा करीत इंदुरास आणि पुढे ग्वाल्हेरवरून आग्र्यास जाणारा रस्ता आमच्या वडिलांच्या तोंडी 'तीन नंबर' होता. 2010 साली सरकारने राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. योजना, खरे सांगावयाचे तर, सुरेख आहे. दक्षिणोत्तर रस्त्यांना सम अंक, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढावयाचे. पूर्वपश्चिम रस्त्यांना विषम, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे. नुसत्या अंकावरून रस्ता देशाच्या कोणत्या अंगास आहे ते उमगावे! या हिशेबात आमच्या तीन नंबराची मात्र भाऊबंदांतल्या शेतासारखी वाटणी झाली. आग्रा ते ग्वाल्हेर हा तुकडा 44 कडे गेला, ग्वाल्हेर ते ब्यावरा 46 कडे आणि ब्यावऱ्याहून इंदूरवरून धुळ्यापर्यंतचा 52 कडे. खुद्द 3 हा आकडा आता अटारीहून निघून मनालीवरून लेहला जातो. उतारवयात त्याला थंडी सोसत असेल अशी आशा आहे.

इंदूरकरांनी या उलाढालीकडे ढुंकूनही पाहिले नाही. ते पूर्वी 3 म्हणत नसत, आता 52 म्हणत नाहीत. त्यांचा तो 'ए. बी. रोड', म्हणजे आग्रा–बॉम्बे. मुंबईचे अधिकृत नाव 1995 साली पालटले, पण रस्त्याच्या नावातली 'बी' जागची हलली नाही. आम्हांला हा प्रारंभी अडाणीपणा वाटे. टिपणीत आम्ही कटाक्षाने नवा क्रमांक लिहीत असू.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात धुळ्याहून परतत होतो. सेंधवा मागे पडला होता, अंधारत होते. चहा घ्यावा म्हणून एका गावाच्या जुन्या रस्त्याला वळलो. नवा रुंद रस्ता गावाला वळसा घालून जातो. हा जुना तुकडा मागे राहिलेला. पुढे मोरीजवळ एक दूधवाला मोटारसायकलसह खड्ड्यात पडलेला दिसला. दुधाचे कॅन गडगडत गेलेले, पाय विचित्र वळलेला. आम्ही रुग्णवाहिकेसाठी फोन लावला.

"कोणता महामार्ग?" पलीकडून विचारणा झाली.

आमच्यासमोर मैलाचा दगड होता. डोके पिवळे, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, त्यावर 3. मागच्या फाट्यावर हिरव्या फलकावर 52 वाचल्याचे आठवत होते. आम्ही 52 सांगितले. त्यांनी किलोमीटर विचारला. आम्ही दगडावरचा सांगितला. तो जुन्या मोजणीचा. 52 च्या मोजणीत तो आकडा कुठल्या तरी दुसऱ्याच मुलखात पडत असावा. पलीकडचा माणूस गोंधळला, आम्ही त्याहून अधिक. दूधवाला कण्हत होता.

"अहो, त्या चहावाल्याला द्या ना फोन!" सौभाग्यवती म्हणाल्या.

चहावाल्याने फोन घेतला आणि म्हणाला, "ए. बी. रोड, पुराना नाका, पीपल के नीचे." वीस मिनिटांत गाडी आली. पाय वाचला, हे पुढे त्याच चहावाल्याकडून कळले.

घरी आल्यावर आमच्यातला अधिकारी जागा झाला व आम्ही त्या मोरीविषयी अर्ज केला. 1956 च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचे. परंतु कोठे प्राधिकरण काम पाहते, कोठे राज्याच्या बांधकाम खात्याची राष्ट्रीय महामार्ग शाखा, सरहद्दीकडे सीमा रस्ते संघटना, टोल असेल तेथे ठेकेदार. बाह्यवळण झाले की जुना तुकडा राज्याकडे सोपवावयाचा. पण घेणारा म्हणतो, आधी दुरुस्त करून द्या, आणि देणारा म्हणतो, आता तो आमचा नाही. आमचा अर्ज तीन कचेऱ्यांत हिंडला. तिन्ही ठिकाणांहून उत्तरे आली, तीही वेळेत आणि सभ्य भाषेत. 'सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.'

हे वाक्य वाचून संताप यावयास हवा होता. पण त्याचे वळण ओळखीचे होते. दुसऱ्या एका प्रांतात असताना एका विधवा बाईंचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आम्ही याच शब्दांनी परत केला होता. नवऱ्याची बदली झालेली, चार्ज पूर्ण नाही, मध्येच मृत्यू. आमचे उत्तर नियमाला धरून होते. आजही कोणी त्यात चूक काढू शकणार नाही. बाई पुन्हा आल्या नाहीत. त्या कोणत्या दारी गेल्या याची चौकशी आम्ही केली नाही.

गेल्या दिवाळीत मुद्दाम त्या फाट्याला वळलो. दगड तसाच आहे, 3 हा आकडा थोडा अधिक पुसट झालेला. खड्ड्यात कोणी तरी ट्रकचे जुने टायर उभे करून त्याला चुना फासला आहे, म्हणजे रात्री दिसावे. वर लाल फडके. आम्ही चहावाल्याला विचारले, हे कोणी लावले?

"मैंने," तो म्हणाला आणि दुसरा चहा ओतू लागला.