थंड पाण्याची नदी

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही न्यूझीलंडला, क्राइस्टचर्चला भाच्याकडे गेलो होतो. तिकडे तेव्हा पानगळ. भाच्याच्या ओळखीतल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला आपल्या जेट बोटीतून वायमाकारीरी नदी दाखवली. माओरी भाषेत वाय म्हणजे पाणी, मकारीरी म्हणजे थंड.

ही नदी एका पात्रात वाहतच नाही. गोट्यांच्या रुंद पसाऱ्यात वेणीच्या पेडांसारखे तिचे प्रवाह फुटतात आणि पुन्हा मिळतात. कुठे कुठे पाणी जेमतेम घोट्याएवढे. आमच्या कोकणातल्या लाँचचा पंखा इथे पहिल्याच गोट्यावर मोडला असता. अशाच उथळ नद्यांसाठी बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात इथली जेट बोट घडवली. तिचा पंप तळाच्या जाळीतून पाणी ओढतो आणि मागे जोराने फेकतो. १९६० मध्ये त्यांच्या बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या होत्या.

अर्ध्या तासाने इंजिन एकाएकी किंचाळू लागले आणि बोट मात्र मंदावली. जाळीत कचरा अडकला होता. या बोटीला सुकाणू नसते, मागची धारच तिला वळवते. धार गेली की दिशाही गेली! समोर पाण्यात विलोचे झाड आडवे पडलेले. अशा फांद्यांतून पाणी निघून जाते, माणूस अडकतो.

"खाला, मुलांना घट्ट धरा," भाचा म्हणाला.

आम्हाला वाटले, आता ते वेग वाढवतील. त्यांनी उलट इंजिन अगदी मंद केले. पंपाची ओढ सैल पडताच थोडा कचरा आपोआप सुटला, आणि तेवढ्या जोरावर बोट कशीबशी गोट्यांच्या बेटाला लागली. आमच्या तोंडून अल्हम्दुलिल्लाह निघाले.

त्यांनी इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात टाकली, आम्हा सगळ्यांना उतरवले आणि मगच पंपावरचे झाकण उघडले. किल्ली खिशात कशाला, असे धाकट्याने विचारले. त्यांनी फक्त आपली दहा बोटे दाखवली.

कोपरापर्यंत हात घालून त्यांनी विलोच्या काटक्या, कुजलेल्या पानांचा लगदा आणि शेवटी पंपाचे पाते आणि कवच यांच्यात रुतलेला लिंबाएवढा गोटा काढला. पाती हाताने फिरवून पाहिली, झाकण घट्ट आवळले. हात लालबुंद झाला होता. आम्ही थर्मासमधला चहा पुढे केला. दोन्ही तळव्यांत कप धरून ते बराच वेळ उभे राहिले, मग किल्ली काढली.