मोतीबिंदूतलं सोनं

फाल्गुनात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी स्वयंपाकघरात गेले, तर फळीवरच्या बरण्या ओळखू येईनात. कुणीतरी आपला जाम माझ्या घरी आणून ठेवलाय, असंच वाटलं. गुलाबी. पाण्यात भिजवलेल्या विटेसारखा.

बरणी खिडकीत धरली. उजवा डोळा मिटला, डाव्यानं पाहिलं : सोनं. डावा मिटला, उजव्यानं पाहिलं : वीट. पाच-सात वेळा तरी असं करून पाहिलं. दारात उभी असलेली भाची काही बोलली नाही. तिच्या न बोलण्यावरूनच कळलं की हिला हे माहीत होतं.

आता कबूल करायला हरकत नाही. सावद्यापासून रावेरपर्यंत बचतगटाच्या प्रत्येक स्टॉलवर मी सांगत आले, की केळीचा जाम सगळेच करतात, पण सोनेरी फक्त माझा. चार टेबलं पलीकडे एक बाई बसायची. ती जामात रंग टाकते, हे मी न विचारता लोकांना सांगायचे. शिवाय तिला आच कळत नाही, हेही. रंग टाकून का होईना, तिचा जाम पिवळा होता. माझा नव्हता. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं जग पिवळट दिसतं, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. आधी कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

केळं काळं पडतं ते सोलल्यावर, आणि ते टाळायची रीत हे काम करणाऱ्या प्रत्येकीला येते. मी सालीसकट वाफवते, मगच गर काढते. काळेपणाशी माझं भांडण केव्हाच मिटलंय. हा गुलाबीपणा त्याचा सख्खा नव्हे, सावत्र भाऊ. केळीत तुरटपणाचा जो अंश असतो त्याला स्वतःचा रंग नसतो, पण आंबटात बराच वेळ उकळला की तो लाली धरतो. म्हणजे चोर माझ्याच हातातलं लिंबू. आणि लिंबाशिवाय केळीचा जाम कसा धरणार? केळं गोड, आंबटपणा नावाला. एक किलो गराला पाऊण किलो साखर घातली तरी लिंबू नसेल तर नुसती लापशी. थंडीत पेरूचं पाणी काढून मी फ्रीजरमध्ये ठेवते, त्यानं बांधणी येते. पण तेही आंबटाशिवाय काम करत नाही.

चैत्रात बाहेर पंचेचाळीसकडे पारा चढत असताना मी अर्ध्या-अर्ध्या किलोचे घाणे घेत बसले. लिंबू सुरुवातीला घातलं तर लाल. शेवटी घातलं तर हस्तिदंती, इतकं देखणं की डोळ्यांत पाणी आलं. पण आठव्या दिवशी बरणीच्या गळ्याशी साखरेची कणी धरली. साखर फुटायला आंबटाबरोबर उकळी लागते, ती मिळाली नव्हती. अर्धं आधी, अर्धं नंतर घातलं तर अर्धवट लाल आणि अर्धवट सैल.

मग भाचीनं सासूबाईंच्या पातेल्याकडे बोट दाखवलं. पितळी, आत कल्हई. ही फूड टेक्नॉलॉजी शिकलीय. डबाबंद पेअर गुलाबी पडतात त्यात कथिलाचाही हात असतो, आणि कल्हई म्हणजे कथीलच, असं ती म्हणाली. मला राग आला. त्या पातेल्याला मी वर्षानुवर्षं चिंचेनं घासून चकचकीत ठेवलं होतं. तरी स्टीलच्या पातेल्यात एक घाणा घेतला. लाली कमी झाली, गेली नाही.

या सगळ्यात केळ्यानं मला साथ दिली नाही, असंही म्हणते. बसराई जातीची केळी होती तेव्हा बुटकं झाड, पातळ साल आणि खोलीभर वास. आता जिकडेतिकडे जी-नाइन. घड लांबलचक, फण्या एकसारख्या, खोक्यात भरायला सोय. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच झाला. पण रायपनिंग चेंबरमधून निघालेलं केळं बाहेरून जेवढं पिकतं तेवढं आतून पिकतं का, हा माझा जुना वाद आहे. सालीवर तपकिरी ठिपके उमटेपर्यंत मी केळ्याला हात लावत नाही. तुरटपणा तेव्हाच उतरतो.

आणि जूनमध्ये वादळ येतं. बाग आडवी होते. दुसऱ्या दिवशी दारात हिरव्या घडांची ट्रॉली उभी : ताई, जाम करून टाका, नाहीतर फेकायचंच आहे. कसं सांगू? न भरलेल्या केळ्यात पीठच असतं. शिजवलं की खळ होते. वेफर करा म्हणते, आणि त्या शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही.

आता मी परातीएवढ्या पसरट स्टीलच्या कढईत दोन-दोन किलोच घेते. पाणी लवकर उडतं, उकळी वीस मिनिटांत संपते, लिंबाला लाल करायला वेळच मिळत नाही. रंग फिका पिवळा येतो. सोनं नाही म्हणता येणार. शिवाय पसरट कढईतला जाम जास्त उडतो. मनगटावरचे चट्टे मोजायचं मी सोडून दिलंय. मी ढवळतच राहते. बशीवरचा थेंब सुरकुतला तरी मला अजून एक मिनिट हवं असतं. त्या एका मिनिटात रंग जातो. धुळ्याची ही पोरगी घाईला आली की अहिराणीत बोलते. मागून ओरडते, ‘मावशी, आते गॅस बंद करी टाक!’ मी बंद करते. अगदी लगेच नाही.

इतकी वर्षं बोलली का नाहीस, म्हणून एकदा विचारलं. ‘तुम्ही इतक्या खूश असायच्या,’ म्हणाली.

डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचाय. डॉक्टर दिवाळीआधी म्हणतात, मी कांदेबागाच्या केळीची कापणी होऊ द्या म्हणते. बरण्या भरून झाल्या, झाकणं लागली, भाची हात धुवायला मागच्या पडवीत गेली, की मी एक बरणी खिडकीत धरते. आणि उजवा डोळा मिटून घेते.