जादूसम्राट सरकार

भाताची कापणी आटोपली, की मालवणच्या किनाऱ्यावर जत्रांचे दिवस सुरू होतात. तारकर्लीच्या परिसरातील मुले अशा रात्री देवळाच्या आवारात दशावतार पाहावयास बसतात. काळ्या वेषातील संकासुर पुढे आला, की लहानगी आईला बिलगतात. त्या सोंगाखाली एक माणूसच आहे, हे त्यांना ठाऊक असते. तरीही क्षणभर छाती धडधडतेच. ठाऊक असूनही फसावयाचे आणि त्या फसण्यात आनंद मानावयाचा, ही रंगभूमीची जुनी रीत आहे. हीच रीत घेऊन बंगालच्या एका जादूगाराने साऱ्या जगाला मोहिनी घातली. त्याचे नाव प्रतुलचंद्र सरकार.

सरकारांचा जन्म २३ फेब्रुवारी १९१३ रोजी टांगाइल भागातील अशेकपूर या गावी झाला. हा प्रदेश आज बांगलादेशात आहे. लहानपणापासूनच त्यांना जादूचे वेड लागले. त्या काळचे नामांकित जादूगार गणपती चक्रवर्ती यांच्याकडून त्यांनी या विद्येचे पाठ घेतले.

भारतात जादूचा खेळ तेव्हा बहुधा रस्त्यावरच होई. मदारी चौकात डमरू वाजवी, टोपलीतून नाहीशा झालेल्या मुलाला परत आणी आणि जमलेल्या मंडळींपुढे हात पसरी. त्याच्या हातात कसब असे. परंतु लोकांच्या मनात त्याला मान नसे. सरकारांनी ही विद्या भव्य रंगमंचावर नेली. झगमगते पडदे, दिवे, वाद्यवृंद, सहकाऱ्यांचा मोठा संच, आणि या सर्वांच्या मध्यभागी महाराजाचा भरजरी पोशाख ल्यालेले, तुरेदार फेटा बांधलेले स्वतः सरकार! आपल्या या खेळाला त्यांनी ‘इंद्रजाल’ असे नाव दिले. एवढेच काय, इंग्रजीत आपले आडनाव लिहिताना त्यांनी त्याचे स्पेलिंगही बदलले. कारण तसे लिहिले, की ते जादूगार या अर्थाच्या इंग्रजी शब्दाजवळ जाई.

त्यांचा एक खेळ फार साधा होता. एक लहानसे भांडे ते सर्वांसमक्ष उपडे करून रिकामे करीत. पुढे दुसरे खेळ चालत. पण मधूनच ते पुन्हा त्या भांड्याकडे वळत, आणि त्यातून पुन्हा पाणी वाहू लागे. खेळ संपेपर्यंत ते भांडे काही आटत नसे. यात मंत्र नव्हता आणि भूतही नव्हते. हाताची चपळाई, वेळेचे अचूक भान, प्रेक्षकांची नजर हवी तिकडे वळविण्याचे कौशल्य आणि अखंड सराव, हेच जादूगाराचे खरे मंत्र होत.

९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये एक विलक्षण प्रसंग घडला. बी.बी.सी. दूरचित्रवाणीच्या ‘पॅनोरमा’ या कार्यक्रमात सरकारांनी एका तरुणीला मेजावर निजविले आणि यांत्रिक करवतीने तिचे दोन भाग केल्याचे दाखविले. नंतर त्यांनी तिचे हात चोळले, तिला हाक मारली. पण ती उठेना. तेवढ्यात निवेदकाने कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले! घरोघरी बसलेल्या प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकला. मुलगी खरोखरच दगावली असे वाटून शेकडो लोकांनी दूरध्वनी केले. मुलगी अर्थातच सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत सरकारांचेच नाव गाजत होते, आणि लंडनमधील त्यांच्या खेळांना प्रेक्षकांची रीघ लागली.

१९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. रस्त्यावरच्या खेळाला कलेचा मान मिळवून देणारे असे जादूगार इतर प्रांतांतही झाले. महाराष्ट्रात पुण्याच्या रघुवीर भोपळे यांनी ‘जादूगार रघुवीर’ या नावाने कीर्ती मिळविली. त्यांचे पुत्र विजय आणि नातू जितेंद्र यांनीही हीच वाट धरली.

१९७१ च्या जानेवारीत सरकार जपानमध्ये होते. होक्काइडो बेटावर कडाक्याची थंडी पडली होती. ६ जानेवारीस तेथे त्यांचा खेळ झाला, आणि त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. रिकाम्या भांड्यातून पुनःपुन्हा पाणी काढणाऱ्या त्या हातांना स्वतःचे आयुष्य मात्र क्षणभरही वाढविता आले नाही. जादूगारही अखेर माणूसच असतो. परंतु ‘इंद्रजाल’ थांबले नाही. त्यांचे पुत्र प्रदीपचंद्र यांनी वडिलांचा फेटा मस्तकी धारण केला आणि खेळ पुढे चालविला.

देवत्वाचे सोंग घेऊन लोकांना फसविणारे जगात पुष्कळ आढळतात. जादूगाराचे तसे नाही. ‘मी तुम्हांला फसविणार आहे’ असे तो आधीच सांगतो आणि मग आपल्या श्रमाने ते वचन पाळतो. म्हणूनच पडदा पडल्यावर लोक रागावत नाहीत. ते टाळ्या वाजवितात.