दगडावरचा दम

शनिवार, रात्र. परळ.

माझ्या क्रॉलरचं, म्हणजे दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाडीचं, दुखणं आज सापडलं. चाक दगडाच्या फटीत रुतलं आणि स्टिअरिंग वळवलं, की रिसीव्हर क्षणभर बंद पडायचा. चाकं वळवणारा सर्व्हो अडला, की एकदम जास्त करंट ओढतो. स्पीड कंट्रोलरमधल्या बीईसीला, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला वीज पुरवणाऱ्या सर्किटला, तो भार झेपत नाही आणि व्होल्टेज कोसळतं.

दुपारी लॅमिंग्टन रोडवरून ६ व्होल्टचा स्वतंत्र बीईसी आणि जाड सिलिकॉन वायर आणली. सर्व्होची लाल वायर आता थेट त्यावर. रिसीव्हर जुन्याच पुरवठ्यावर. ग्राउंड मात्र दोघांचा एकच ठेवला, नाहीतर सिग्नलला आधारच उरत नाही. ३५ टर्नची मोटर काढून ५५ टर्नची बसवली. वेढे जास्त, वेग कमी. पण चढावर इंच-इंच सरकताना जो ताबा मिळतो, त्यातच या छंदाचा सगळा आनंद आहे.

नवी गाडी पैशाने येते. बिघाडाचं कारण समजणं मात्र स्वतः खोलून पाहिल्याशिवाय येत नाही, आणि ती समज पुढच्या प्रत्येक यंत्राला उपयोगी पडते. मुलांच्या हाती खेळण्याबरोबर स्क्रूड्रायव्हरही द्यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता पावसाळ्याआधी रिसीव्हरचा डबा पाणी शिरणार नाही असा बंद करायचा.