हिमाचा नकार

सह्याद्रीच्या कातळावर प्रस्तरारोहण शिकून हिमालयात येणारा आमच्याकडील तरुण सोबत एक विश्वास घेऊन येतो, ज्याची त्याला स्वतःलाही जाणीव नसते: जी खाच काल भार पेलत होती, ती आजही पेलेल. पावसाळ्यातले निसटते धोंडे सोडले तर बेसॉल्टच्या बाबतीत हा विश्वास बहुधा सार्थ ठरतो. हिमाच्या बाबतीत तो प्राणघातक आहे, कारण साचलेले हिम एका स्थितीत राहतच नाही, आणि काल ज्या उतारावरून अख्खी तुकडी सुखरूप गेली, त्याच उतारावर आज एका माणसाच्या पावलाने सारा पट्टा सुटून येऊ शकतो.

म्हणून सोलंग नाल्याच्या वरच्या अंगाला, धुंडीच्या बाजूस, माघातल्या थंडीत शिष्यांना घेऊन गेलो की त्यांच्या हातची आइस अ‍ॅक्स बाजूला ठेववून मी प्रथम फावडे देतो. ज्या उतारावर जायचे त्याच्याच दिशेचा, त्याच्याच चढाचा, परंतु निर्धोक असा लहानसा तुकडा निवडून जमिनीपर्यंत खड्डा खणायचा, सावलीकडील भिंत तासून सरळ करायची, आणि मूठ, चार बोटे, एक बोट, पेन्सिल, सुरी या क्रमाने प्रत्येक थर दाबून त्याचे काठिण्य तपशीलवार नोंदवायचे. वरचा टणक थर पाहून नवखा हरखतो. माझी नजर तळाशी असते. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग उणे २० अंशांपर्यंत गारठला तरी भूमीलगतचे तापमान शून्याच्या आसपासच राहते. थर जितका पातळ तितका हा फरक तीव्र, आणि त्या फरकामुळे बाष्प तळातून वर सरकत राहून, पूर्वी एकमेकांत गुंतलेल्या कणांच्या जागी जाड्या साखरेसारखे सुटे स्फटिक निर्माण होतात. अशा तळावर वाऱ्याने आणून रचलेली घट्ट लादी बसली आणि उतार ३० ते ४५ अंशांचा असला, की उणीव राहते ती केवळ एका धक्क्याची. गिर्यारोहकांच्या अपघातांत तो धक्का बहुतेक वेळा त्यांच्यातलाच कोणी देतो.

पुढची परीक्षा अशी की ३० सेंटिमीटर लांबीरुंदीचा स्तंभ कापायचा, त्यावर फावड्याचे पाते ठेवायचे, आणि प्रथम मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून प्रत्येकी १० थापा द्यायच्या. मनगटाच्या दोनचार थापांतच एखादा थर सपाट निसटला, तर तो हुकूम अंतिम. त्यावर अपील नाही. परंतु साऱ्या थापा सोसून स्तंभ उभा राहिला, की शिष्यांचे चेहरे उजळतात, आणि माझे खरे अध्यापन तेथून सुरू होते. खड्डा नकार देऊ शकतो. परवाना देणे त्याच्या अखत्यारीत नाही. चार पावलांपलीकडे, बुडालेल्या खडकाच्या कडेला, थराची जाडी निम्मी आणि तळ ठिसूळ असू शकतो. ७ जून १९२२ रोजी एव्हरेस्टच्या नॉर्थ कोलखालील उतारावर मॅलरीच्या तुकडीतले ७ भारवाहक हिमस्खलनात मृत्यू पावले. ताज्या हिमपातानंतर निघालेल्या त्या जाणत्या लोकांनी वाटेतला एक तीव्र उतार आधी पारखला होता, आणि तो हलला नव्हता.

शोधाची तालीम मी घेतोच: बीकन, सळई, फावडे, धोक्याच्या पट्ट्यातून एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांचे डोळे त्याच्यावर. गाडला गेलेला मनुष्य १५ मिनिटांच्या आत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार क्षीण होते. एवढ्या अवकाशात खालच्या गावातून कुमक येणे असंभव, तेव्हा सोबत्यांपलीकडे त्याला वाली नाही. तरीही या साधनांचे कौतुक मी बेताने करतो, कारण ती पाठीवर आहेत एवढ्यावरच लोक उताराची निवड सैल करू लागतात.

रजा संपत आलेली, परतीच्या गाडीचे आरक्षण झालेले, आकाश स्वच्छ, अशा वेळी मी माघारीचा निर्णय दिला म्हणजे पुण्या-मुंबईची मुले तोंडावर काही बोलत नाहीत, पण रात्री तंबूत माझ्या भित्रेपणाची रीतसर चर्चा होते, ती मला ऐकू येते. तिचे मला वैषम्य नाही. त्यांच्या वयात मीही तेच म्हटले असते. नोंदवहीत त्या उताराच्या नावापुढे मी ‘परतलो’ एवढे लिहितो. तो सुटला असता की नाही, हा रकाना भरायला कोणताही पुरावा मजजवळ नसतो, आणि मुलांजवळही नसतो.