नावे आणि जमा

मराठीच्या प्राध्यापकाने व्यवस्थापनशास्त्राची पदवी घ्यावी, ही गोष्ट आमच्या वर्तुळात अजूनही काहीशी संशयास्पद मानली जाते. आम्ही दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही बुलढाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत शिकवतो आणि दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. फरक एवढाच, की आमच्यापैकी एक जण अनुदानित, पूर्णवेळ पदावर आहे आणि दुसरी गेली चौदा वर्षे तासिका तत्त्वावर. आठवड्याला नऊ तासिका, दर वर्षी नवी मुलाखत, नवा आदेश आणि मानधन हाती येईपर्यंत बहुधा वर्ष उलटलेले. हे टिपण आम्ही मिळून लिहीत आहोत, म्हणून ‘आम्ही’. जिथे वाटा निराळ्या होतात, तिथे ‘त्याने’ आणि ‘तिने’ असे म्हणू.

२०२२च्या जुलैत तिने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या एम. बी. ए.ला प्रवेश घेतला. मुक्त शिक्षण आमच्या भागाला नवे नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाल्यापासून कितीतरी संसारी, नोकरदार माणसे रविवारच्या वर्गांना बसून पदवीधर झालेली आम्ही पाहिली आहेत. परंतु ज्या बाकासमोर उभे राहून शिकवले, त्याच बाकावर स्वतः जाऊन बसणे ही गोष्ट वेगळी. पहिल्याच सत्रात सात विषय, सगळी पुस्तके इंग्रजीत. तीस टक्के गुण स्वाध्यायांना, सत्तर टक्के लेखी परीक्षेला. आणि दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करण्याची मुभा. ही शेवटची मुभा पुढे आमच्या घरात भांडणाचे कारण ठरणार होती.

आईंनी (म्हणजे त्याच्या आईने) पुस्तकांचा गठ्ठा पाहून विचारले, “आता काहाले परीक्षा देतं वं बाई? नोकरी तं हाये ना?” नोकरी आहे की नाही, या प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हाला कधीच देता आलेले नाही. विभागातील एका सहकाऱ्यांनी अधिक साहित्यिक शब्दांत हेच विचारले : “म्हणजे तुम्ही अखेर बाजाराकडे वळलात?” आम्ही हसलो. तुकोबा वाणी होते, आणि त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली असे परंपरा सांगते. खते बुडवण्यासाठी ती आधी लिहिलेली असावी लागतात, हे आपण अभंग शिकवताना सहसा सांगत नाही.

लेखाशास्त्राच्या पुस्तकाशी ती दोन आठवडे अडून बसली. डेबिट आणि क्रेडिट हे शब्द डोक्यात शिरेनात. मग एके रात्री तिने वहीत इंग्रजी शब्द खोडून ‘नावे’ आणि ‘जमा’ असे लिहिले, आणि पुस्तक उघडू लागले. तिचे वडील खामगावच्या एका कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. खामगाव ही वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ. १८७० साली व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो तिथली रेल्वेची शाखा सुरू करायला स्वतः आला होता, इतके त्या कापसाचे मोल. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द तिने लहानपणी जेवणाच्या पानावर ऐकले होते. पुढे मराठीची विद्यार्थिनी म्हणून तिने ‘ताळेबंद’ हा शब्द समीक्षेत शंभरदा वापरला : शतकाचा ताळेबंद, साठोत्तरी कवितेचा ताळेबंद. त्या शब्दाच्या दोन्ही बाजू जुळाव्या लागतात, हे मात्र चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले.

दुनोंदी पद्धतीचे पहिले छापील विवेचन इटलीत १४९४ साली लुका पाचोली या धर्मोपदेशकाने केले. त्यानंतरच्या शतकात आपल्याकडे नाथांची ती कथा घडली असे मानतात : देवगिरीवर जनार्दनस्वामींनी हिशेब सोपवले, एका पैचा मेळ बसेना, नाथ रात्रभर जागले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवून उठले. एका पैची चूक सापडल्याने एवढा आनंद, तर संसारातली चूक सापडली तर केवढा होईल, असे स्वामी म्हणाल्याचे सांगतात. आम्ही ही कथा कितीदा तरी वर्गात सांगितली. आमच्या संसारातली चूक मात्र २०२३च्या जूनमध्ये सापडली.

परीक्षा आठ दिवसांवर आली असताना आई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. धाकटा मुलगा नुकताच दहावीत गेला होता, त्याची शिकवणी पहाटेची. परीक्षा केंद्र जिल्ह्याबाहेर, पहिली एस. टी. साडेपाचची. त्याने अगदी सहजपणे म्हटले, “या वेळी राहू दे. डिसेंबरला पुन्हा देता येतेच. चार वर्षांची मुदत आहे.”

ती म्हणाली, “तुमची पीएच. डी. किती डिसेंबर थांबली होती?”

त्यानंतर त्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही.

त्याची पीएच. डी. २००९ ते २०१३ या काळातली. पुणे, नागपूर, अमरावती येथील ग्रंथालये, हस्तलिखिते, चर्चासत्रे. त्याच काळात दोन्ही मुले लहान होती, आणि तिने नेट परीक्षेचा अर्ज दोनदा भरून दोनदा परीक्षा चुकवली होती. त्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांना एक परिच्छेद, ग्रंथपालांना अर्धा, आणि शेवटी ‘पत्नीच्या सहकार्याशिवाय हे कार्य सिद्धीस गेले नसते’ हे वाक्य. आपल्या शेकडो प्रबंधांत हे वाक्य जवळजवळ याच शब्दांत आढळेल. ऋणनिर्देश हा बहुधा एकमेव वाङ्मयप्रकार असावा, ज्यात कर्ज विशेषणांनी फेडले जाते. दुनोंदीचा नियम असा, की एका खात्यात जमा झाले तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात नावे पडलेच पाहिजे. त्याच्या जमेला पदवी, वेतनवाढ आणि पदोन्नती लागली. नावे कोणाच्या पडले, ते आम्ही लिहिलेच नव्हते.

त्याने रजा टाकली. सात पेपरांसाठी ती सात वेळा साडेपाचच्या गाडीने गेली. त्याने आईंना उठवले, बसवले, भाकरी करून पाहिली आणि शेवटी पोळ्यांना बाई लावली. मुलाच्या हातून अंघोळ करून घेताना आईंना संकोच झाला, रडूही आले; तो भार काही केल्या आम्हाला हलका करता आला नाही. दोन पेपर गेले. ते तिने डिसेंबरमध्ये पुन्हा दिले.

मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या पुस्तकात माणूस काम का करतो, याची उपपत्ती आहे : मास्लोने १९४३ साली मांडलेली गरजांची उतरंड. स्वाध्यायात तिने त्यापुढे शेगावचे उदाहरण लिहिले. गजानन महाराज संस्थानात सेवेकरी येतात ते मोबदल्यासाठी नव्हे. शिवशंकरभाऊ पाटलांच्या हयातीत, म्हणजे २०२१पर्यंत, आणि त्यांच्यानंतरही, ती शिस्त पाहायला व्यवस्थापनाची माणसे येत राहिली आहेत. आम्हीही शेगावच्या स्वच्छतेचे कौतुक वर्षानुवर्षे करीत आलो. मात्र हा स्वाध्याय लिहिताना तिला दिसले ते निराळेच. सेवेकऱ्याला पाळी असते. तो नाव नोंदवतो, ठरलेले दिवस सेवा करतो आणि घरी परततो. त्या दिवसांची कुठेतरी नोंद असते, त्यांना मान असतो. घरातल्या बाईच्या कामालाही आपण सेवाच म्हणतो, पण तिला पाळी नाही, नोंद नाही आणि परत जायला दुसरे घर नाही. या स्वाध्यायाला तिला चांगले गुण मिळाले. आमच्या दृष्टीने तो तिने लिहिलेला सर्वोत्तम समीक्षालेख आहे.

२०२५ साली, तीन वर्षांनी, ती उत्तीर्ण झाली. आयुष्य पालटले असे लिहिण्याचा मोह होतो, पण ते खरे नाही. नऊ तासिका चालू आहेत. आठवड्यातून दोन सकाळी ती तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे सोयाबीन-तुरीचे हिशेब पाहते. तिथला मोबदला थोडा आहे, पण महिन्याच्या महिन्याला येतो. केशवसुतांवरचा तिचा तास पूर्वीसारखाच रंगतो. आई काठीच्या आधाराने अंगणापर्यंत जातात.

तिच्या प्रकल्प-अहवालालाही ऋणनिर्देशाचे पान होते. आपल्याबद्दल तिथे काय असेल, याची त्याला उत्सुकता होती. विशेषण एकही नव्हते. इंग्रजीतल्या त्या ओळीचा अर्थ एवढाच : ‘माझ्या पतीने परीक्षांच्या काळात एकूण एकोणचाळीस दिवस घर सांभाळले.’ छापील प्रतीवर, खाली, तिने पेन्सिलीने वडिलांच्या वळणाच्या अक्षरात आणखी तीन शब्द लिहिले होते : बाकी पुढे ओढली.